श्रीरामानुजांची गोष्ठी

चेन्नई सोडून बंगळूरच्या रस्त्याला लागले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर श्रीपेरुंबुदूर हे गाव येते. मोटारींच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कारखान्यांमुळे गेल्या काही दशकांत त्याचे नाव सर्वांच्या तोंडी झाले आहे. २१ मे १९९१ च्या रात्री माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची येथेच हत्या झाली, हेही कोणी विसरलेले नाही. परंतु या गावाची खरी ओळख याहून फार जुनी आहे. येथील आदिकेशव पेरुमाळांच्या मंदिरात श्रीरामानुजाचार्यांची मूर्ती आहे. तमिळ पंचांगातील चित्तिरै महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाच्या सुमारास, आर्द्रा नक्षत्रावर त्यांची जयंती येते आणि तिला जोडून मोठा उत्सव होतो. उत्सवमूर्तीची स्वारी निघते तेव्हा तिच्यापुढे पांढरी धोतरे नेसलेल्या, कपाळी नाम लावलेल्या माणसांचा एक जथा एका सुरात तमिळ पदे म्हणत चालतो. वारीतील दिंडी ज्याने पाहिली आहे, त्या मराठी माणसाची पावले हे दृश्य पाहून थबकल्याशिवाय राहत नाहीत.

रामानुज म्हटले की आपल्याला विशिष्टाद्वैत आठवते. शंकराचार्यांचे अद्वैत, रामानुजांचे विशिष्टाद्वैत आणि मध्वाचार्यांचे द्वैत ही तीन नावे आपण शाळेत एका दमात पाठ केलेली असतात आणि बहुधा तेथेच थांबलेलो असतो. त्या तत्त्वज्ञानाची थोरवी आम्ही काय वर्णावी! ते काम अधिकारी विद्वानांचे आहे. आम्हांला येथे आचार्यांच्या एका निराळ्या कार्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. लोकभाषेतील गाणे त्यांनी एकट्यादुकट्याच्या गळ्यावर सोडले नाही. ते एका समूहाच्या स्वाधीन केले आणि त्या समूहाला देवळात मानाची जागा दिली. त्या समूहाला श्रीवैष्णव लोक गोष्ठी म्हणतात. आपण मराठी माणसे गोष्ट सांगतो आणि गोष्ट ऐकतो. ही मंडळी गोष्ठीत बसतात. त्या गोष्ठीचीच ही गोष्ट आहे.

परंपरेप्रमाणे रामानुजांचा जन्म १०१७ साली श्रीपेरुंबुदूर येथे झाला. वडील आसुरी केशव सोमयाजी हे यज्ञयागात रमलेले विद्वान ब्राह्मण आणि आई कांतिमती. मामा तिरुमलै नंबी हे तिरुपतीच्या डोंगरावर राहून श्रीनिवासाची सेवा करीत. त्यांनी भाच्याचे नाव लक्ष्मण ठेवले. वडिलांच्या निधनानंतर हे कुटुंब कांचीपुरम् येथे आले आणि तरुण रामानुज यादवप्रकाश या नामांकित वेदान्त्यापाशी अध्ययन करू लागले. गुरुशिष्यांचे फार काळ जमले नाही. छांदोग्य उपनिषदात परमात्म्याच्या नेत्रांना दिलेल्या एका उपमेचा अर्थ गुरूंनी माकडाच्या पार्श्वभागाशी जोडला, तेव्हा शिष्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. सूर्याने उमलविलेल्या कमळाची ती उपमा आहे, असा अर्थ त्याने लावून दाखविला. मतभेद विकोपास गेला. काशीयात्रेच्या मिषाने वाटेतच या शिष्याचा काटा काढण्याचा बेत शिजला, मावसभाऊ गोविंदाने वेळीच सावध केले आणि रामानुज विंध्याच्या अरण्यातून कसेबसे कांचीस परतले, अशी कथा त्यांची चरित्रे सांगतात.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. सहाव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यान तमिळ देशात आळवार नावाचे विष्णुभक्त कवी होऊन गेले. त्यांची संख्या १२ मानतात. आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांबरोबर सावता माळी, गोरा कुंभार, चोखामेळा आणि जनाबाई यांची नावे येतात, तसाच हा मेळा होता. त्यांतील सर्वश्रेष्ठ मानले गेलेले नम्माळवार हे वेळ्ळाळ या शेतकरी समाजातील होते. तिरुप्पाणाळवार हे पाण या अस्पृश्य गणलेल्या गायक जातीतील होते, तिरुमंगै आळवार हे एक लढवय्ये सरदार होते, तर आंडाळ ही कोवळ्या वयाची कन्या होती. त्यांची पदे लोकांच्या ओठांवर होती खरी, पण काळाच्या ओघात त्यांतील पुष्कळशी विसरली गेली.

दहाव्या शतकाच्या सुमारास नाथमुनी नावाच्या आचार्यांच्या कानांवर यात्रेकरूंनी म्हटलेली नम्माळवारांची दहा पदे पडली. त्या पदांच्या अखेरीस हजारांपैकी ही दहा असा निर्देश होता. मग उरलेली कोठे आहेत? या एका प्रश्नाने नाथमुनी अस्वस्थ झाले. त्यांनी शोध घेऊन ४,००० पदे संकलित केली. नालायिर दिव्यप्रबंध या नावाने तो संग्रह ओळखला जातो. नाथमुनींनी आपल्या दोन भाच्यांना हाताशी धरून ही पदे चालींत बसविली आणि देवापुढे अभिनयासह गाणाऱ्या अरैयर घराण्यांची परंपरा सुरू झाली. नाथमुनींचे नातू यामुनाचार्य हे श्रीरंगम् येथील वैष्णवांचे नेते झाले आणि कांचीतील या बुद्धिमान तरुणावर त्यांची दृष्टी खिळली.

परंतु या दोघांची भेट व्हावयाची नव्हती. यामुनाचार्यांचे बोलावणे घेऊन पेरिय नंबी कांचीस आले आणि रामानुज त्यांच्याबरोबर तातडीने निघाले. ते श्रीरंगमला पोचले तेव्हा कावेरीच्या काठी यामुनाचार्यांच्या अंत्यविधीची तयारी चालली होती. मृतदेहाच्या हाताची तीन बोटे मिटलेली दिसली. आचार्यांच्या तीन इच्छा अपुऱ्या राहिल्या आहेत, हे रामानुजांनी ओळखले आणि एकेक इच्छा पुरी करण्याची प्रतिज्ञा करताच एकेक बोट उलगडले, असे भाविक सांगतात. ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिणे, व्यास-पराशरांची नावे चालविणे आणि नम्माळवारांच्या तमिळ वाणीचा अर्थ सर्वत्र पोचविणे अशा त्या तीन प्रतिज्ञा होत्या. पहिल्या प्रतिज्ञेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष तिसरीकडे आहे.

पुढे मधुरांतकम् येथे पेरिय नंबींनी रामानुजांना दीक्षा दिली आणि कांचीस राहून त्यांना आळवारांची पदे शिकविण्यास आरंभ केला. या काळात त्यांच्या संसाराला तडा गेला. वैश्यकुळात जन्मलेले तिरुक्कच्चि नंबी हे रामानुजांना गुरुस्थानी होते. त्यांचे उच्छिष्ट मिळावे म्हणून रामानुजांनी त्यांना जेवावयास बोलाविले असता पत्नीने रूढीप्रमाणे त्यांना वाढून पान उचलले आणि जागा धुऊन काढली. विहिरीवर घागरींचा स्पर्श झाला म्हणून तिचे पेरिय नंबींच्या पत्नीशी भांडण झाले आणि अपमान गिळून गुरू न सांगता कांची सोडून गेले. त्या बिचारीने जन्मभर जे ऐकले होते तेच केले. तिला सर्वस्वी दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. पण ज्या घरात जातीच्या भिंती उभ्या आहेत तेथे आपली गोष्ठी जमणार नाही, हे रामानुज उमगले. त्यांनी संन्यास घेतला आणि श्रीरंगमची वाट धरली.

श्रीरंगमला आल्यावर मठाधिपती होऊनही ते पुन्हा विद्यार्थी झाले, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. यामुनाचार्यांच्या शिष्यांपैकी ज्याच्यापाशी जे ज्ञान होते, ते त्यांनी त्याच्या पायांशी बसून घेतले. तिरुवरंगप्पेरुमाळ अरैयर हे यामुनाचार्यांचे पुत्र आणि देवापुढे गाणारे गायक होते. त्यांच्याकडील विद्या मिळावी म्हणून रामानुजांनी सहा महिने त्यांची सेवा केली. गाऊन थकलेल्या गळ्यासाठी ते स्वतः दूध तापवून देत आणि अंगाला लावण्यासाठी हळद वाटून देत. एके दिवशी हळद गुरूंच्या मनासारखी उतरली नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसताच त्यांनी ती पुन्हा वाटली. भाष्यकार म्हणून ज्यांचे नाव पुढे भारतभर दुमदुमले, त्यांनी एका गायकासाठी हळद वाटावी, यात त्यांच्या लेखी गाण्याची किंमत काय होती हे कळून येते.

तिरुक्कोष्टियूरच्या नंबींची कथा तर सर्वश्रुत आहे. अष्टाक्षरी मंत्राचे रहस्य मिळविण्यासाठी रामानुजांनी त्या गावाला १८ खेपा घातल्या. ते कोणाला सांगावयाचे नाही, सांगितल्यास नरकवास घडेल, अशी अट होती. रहस्य मिळताच त्यांनी ते जमलेल्या लोकांना सांगून टाकले. काही चरित्रांत ते गोपुरावर चढून सांगतात, काहींत मंदिरात जमलेल्या भक्तांना सांगतात. तात्पर्य दोन्हींत एकच आहे. इतके लोक तरणार असतील तर आपण एकट्याने नरकात जाण्यास हरकत नाही, असा त्यांचा हिशेब होता. एकट्याजवळ दडलेले धन समुदायाला वाटून टाकणे, हाच त्यांच्या आयुष्याचा स्थायीभाव होता.

श्रीरंगमच्या विशाल मंदिराची व्यवस्था हाती आल्यावर या स्वभावाला कामाचे क्षेत्र लाभले. कोइल ओळुगु नावाच्या मंदिराच्या बखरीत या व्यवस्थेचे श्रेय रामानुजांना दिलेले आहे. निरनिराळ्या जातींच्या सेवकांचे गट पाडून प्रत्येकाला काम, वेळ आणि मान नेमून दिला गेला. तमिळ पदांचे पठण हे काही रामानुजांनी नव्याने सुरू केले नाही. तिरुवाय्मोळी म्हणणाऱ्यांच्या नेमणुकांचे उल्लेख अकराव्या शतकातील चोळ शिलालेखांतही आहेत. रामानुजांनी त्याला पक्की घडी घालून दिली, असे परंपरा मानते. मार्गळी महिन्यात श्रीरंगमला अध्ययनोत्सव होतो. वैकुंठ एकादशीपूर्वी दहा दिवस दिवसाचे पठण आणि एकादशीपासून दहा दिवस रात्रीचे पठण चालते. आपल्याकडे ज्याला आपण धुंधुरमास म्हणतो आणि पहाटे खिचडी-भाकरीचा नैवेद्य दाखवितो, तोच बहुतांशी हा महिना. तमिळ घरांत या दिवसांत पोंगल शिजतो आणि आंडाळची तिरुप्पावै म्हटली जाते. तिरुपतीच्या डोंगरावर या महिनाभर सुप्रभाताची जागाही तिरुप्पावैच घेते.

ही गोष्ठी चालते कशी, हे पाहण्यासारखे आहे. अध्यापक मंडळी देवापुढे समोरासमोर दोन रांगांत बसतात. एक ज्येष्ठ पदाचा आरंभ करून देतो आणि मग सारे कंठ एक होतात. तबला-पेटीची साथ नसते, ताना-आलापांना वाव नसतो आणि कोणा एकाचा आवाज वर निघालेला चालत नाही. ज्याला पुरते पाठ नाही तो शेजाऱ्याच्या आवाजाचा हात धरून चालतो आणि काही वर्षांत स्वतः हात देणारा होतो. एकट्या तिरुवाय्मोळीत १,१०२ पदे आहेत. ती अशीच पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आली. मूळच्या चाली कालांतराने बहुतांशी लोपल्या. अरैयरांची सेवा आज श्रीरंगम्, श्रीविल्लिपुत्तूर, आळवारतिरुनगरी, मेलकोटे अशा मोजक्या ठिकाणी उरली आहे. पण गोष्ठीचे पठण शेकडो मंदिरांत चालू आहे. कलावंताचे गाणे त्याच्या वंशाबरोबर क्षीण होत गेले आणि समूहाचे गाणे टिकले, यातला बोध आम्हांस मोलाचा वाटतो.

देवाची स्वारी निघाली की तमिळ पदे म्हणणारी गोष्ठी पुढे असते आणि वेद म्हणणारी मागून येते. देव भक्तांच्या तमिळ वाणीमागे ओढीने धावतो आणि वेद देवाचा शोध घेत त्याच्या मागून येतात, असा त्याचा अर्थ श्रीवैष्णव लावतात. आता गंमत अशी की, रामानुजांचे म्हणून मानलेले नऊही ग्रंथ संस्कृतात आहेत. तमिळमध्ये त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही. ज्याने स्वतः संस्कृतात लिहिले त्याच्याच संप्रदायाने लोकभाषेला देवापुढची जागा दिली! तिरुवाय्मोळीवर पहिले भाष्य त्यांनी आपल्या पिळ्ळान नावाच्या शिष्याकडून लिहवून घेतले आणि तिसरी प्रतिज्ञा पुरी केली. नुसते पाठ करून भागत नाही, अर्थही कळला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

स्वतः आचार्यांच्या ओठी मात्र तमिळ पदेच असत. भिक्षेला निघाले की ते तिरुप्पावै गुणगुणत चालत. म्हणून त्यांना तिरुप्पावै जीयर हे नाव पडले. एकदा गुरूच्या दाराशी ते नप्पिन्नेला दार उघडावयास सांगणारे पद म्हणत होते. तोच गुरुकन्येने खरोखर दार उघडले. तिच्या हातांत बांगड्या किणकिणत होत्या. ते पाहून आचार्यांनी साक्षात देवी समजून तिच्यापुढे लोटांगण घातले. तिरुप्पावैच्या ३० पदांचा विषयही मोठा सूचक आहे. त्यांतील एक मुलगी पहाटे उठून एकेका मैत्रिणीच्या दारी जाते, झोपलेलीला हाका मारते, रुसलेलीची समजूत घालते आणि साऱ्याजणींना बरोबर घेऊन मग देवाच्या दाराशी जाते. एकटीने पुढे जाणे तिला मान्य नाही. गोष्ठी कशी जमवावी, याचा याहून सुंदर पाठ आम्हांला ठाऊक नाही.

उतारवयात रामानुजांवर संकट कोसळले. एका चोळ राजाच्या छळामुळे त्यांना श्रीरंगम् सोडावे लागले. त्यांच्याऐवजी दरबारात गेलेल्या कूरेशाने आपले डोळे गमावले आणि वृद्ध पेरिय नंबींचा अंत झाला. आचार्य पांढऱ्या वस्त्रांत सह्याद्री ओलांडून होयसळांच्या प्रदेशात, मेलकोटे येथे आले. हा परका मुलुख आणि परकी भाषा होती. तेथे सुमारे १२ वर्षे राहून त्यांनी नवे मंदिर उभे केले, नवी माणसे जमविली आणि गोष्ठी पुन्हा सुरू केली. तेथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी त्यांना साहाय्य केले. त्यांना तिरुक्कुलत्तार, म्हणजे श्रीकुलातले, असे नाव देऊन वर्षातून ठराविक दिवशी मंदिरप्रवेशाचा मान त्यांनी मिळवून दिला, असे सांगतात. घर सोडून आलेल्या माणसाने परमुलखात प्रथम काय उभारावे, याचे हे उदाहरण आपणांसारख्यांनी जपून ठेवावे असे आहे.

दिवस पालटल्यावर ते श्रीरंगमला परतले. तिरुवरंगत्तु अमुदनार या शिष्याने त्यांच्यावर १०८ पदांचे एक स्तोत्र रचले होते. स्वतःची स्तुती आचार्य ऐकून घेणार नाहीत, म्हणून उत्सवाच्या एका रात्री श्रीरंगनाथाने त्यांना मठातच थांबण्याची आज्ञा केली आणि त्यांच्या गैरहजेरीत गोष्ठीकडून ते म्हणवून घेतले, अशी हृद्य आख्यायिका आहे. परंपरेनुसार ११३७ साली, १२० वर्षांचे होऊन, श्रीरंगम् येथे त्यांनी देह ठेवला. आधुनिक संशोधक इतके दीर्घ आयुष्य मानीत नाहीत आणि त्यांचा जन्म काहीसा पुढे नेतात; पण २०१७ साली परंपरेच्या गणनेनेच त्यांची सहस्राब्दी देशभर साजरी झाली.

गोष्ठीचा पुढचा इतिहास सारा गोडच आहे असे मात्र नाही. कालांतराने श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेनकलै असे दोन पंथ पडले. देवापुढे पहिल्या रांगेत कोणी बसावयाचे आणि पठणाच्या आरंभी कोणत्या आचार्याचा श्लोक म्हणावयाचा, यावरून कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात भांडणे झाली, ती न्यायालयापर्यंत गेली आणि आजतागायत धुमसत आहेत. ज्या पदांचे कर्ते शेतकरी, पाण आणि एक कन्या होती, ती पदे म्हणणाऱ्या मंदिरातील गोष्ठीत बहुतेक ठिकाणी ब्राह्मण पुरुषच बसत आले. आचार्यांनी दार जितके उघडले होते, तितके ते अनुयायांना उघडे ठेवता आले नाही. एक सूर लावणे सोपे असते. एका सुरात राहणे हीच खरी साधना होय.

आपल्या देशात समूहगान नाही, ते युरोपाचे, असे म्हणण्याची एक रीत आहे. चर्चमध्ये चार निराळ्या स्वरपंक्ती एकत्र गुंफणारे गायन आपल्याकडे नव्हते, हे खरे. गमतीचा भाग असा की, रामानुजांच्या जन्माच्याच सुमारास इटलीत ग्विदो नावाचा एक भिक्षू गायकवृंदातील मुलांना लवकर शिकता यावे म्हणून रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धती बसवीत होता. त्याने गाणे कागदावर उतरविले, आपण ते कंठात ठेवले. परंतु समूहाच्या गाण्याचे सामर्थ्य सर्वत्र सारखेच आहे. एस्टोनिया या चिमुकल्या देशात १८६९ साली पहिला गीतोत्सव भरला आणि १९८८ साली त्याच देशातील लाखो माणसांनी एकत्र जमून गात गात स्वातंत्र्याची मागणी केली. ज्यांचे राज्य हरपले होते त्यांनी आपले राष्ट्र गाण्यात सांभाळले होते.

आपण मराठी माणसे तर या बाबतीत जन्मतःच श्रीमंत आहोत. वीणेकऱ्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, ध्रुपद झेलणारा समुदाय आणि रथाच्या मागेपुढे चालणाऱ्या दिंड्या हे आपले वैभव आहे. तंजावरात १६७६ ते १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. त्या काळात मराठी कीर्तन तमिळ देशात रुजले आणि आपल्या साकी-दिंडीसारख्या चालींनी तमिळ हरिकथेचे रूप घडविले. आजही तमिळ भजनसंप्रदायात विठ्ठलाचे अभंग रंगून गायिले जातात. ते गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी बोलता येत नाही, तरी अभंग त्यांच्या मुखी आहे. समूहाने उचललेले गाणे भाषेच्या सीमाही कशी ओलांडते, याचा हा पुरावा नव्हे काय?

आणि याच्या उलट चित्र आपल्याच घरांत दिसते. आपल्या पुष्कळ कुटुंबांतील तिसऱ्या पिढीला गणपतीच्या आरतीची चाल येते, पण शब्द धूसर होतात. अर्थ विचारला तर ती मुले आईबापांकडे पाहतात आणि आईबाप आजीकडे. मुलांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना गोष्ठीत बसावयास जागा आपण दिली होती काय, हा प्रश्न आहे. गाण्याला ठराविक दिवस आणि ठराविक जागा असावी, नवशिक्याला जाणत्याच्या शेजारी बसवावे, पाठाबरोबर अर्थ सांगावा, अध्यक्षांनीही व्यासपीठावरून उतरून रांगेत बसावे आणि दार कोणालाही बंद नसावे, एवढीच रामानुजांच्या गोष्ठीची रीत आहे. त्याला ना मोठा निधी लागतो, ना वातानुकूलित सभागृह.

मंडळाच्या पन्नास वर्षांत नाटके झाली, व्याख्याने झाली, नामवंत गायक येऊन गेले. त्यांचा आनंद आम्ही सर्वांनी घेतला आहे. पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी महिन्यातून एक संध्याकाळ साऱ्यांनी मिळून गाण्यासाठी राखून ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. आवाज बरा नाही ही सबब त्या दिवशी कोणी सांगू नये. गोष्ठीत आवाज विचारीत नाहीत.